ऑर्न्जचा हिशेब पहिल्या कंपनीपाशी कसा थांबला

छातीवर दाब देऊन बंद पडलेलं हृदय चालू ठेवायचं, तर दाब देणाऱ्याच्या डोक्यावर मोकळी जागा लागते. कोपरं सरळ, खांदे रुग्णाच्या छातीच्या बरोब्बर वर, मिनिटाला किमान शंभर दाब आणि प्रत्येक दाब निदान पाच सेंटिमीटर खोल. नुसत्या हाताच्या ताकदीवर हे दोन मिनिटंही निभत नाही, कमरेपासूनचं वजन त्यात उतरवावं लागतं. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात सरकारी पैशावर चालणाऱ्या ऑर्न्ज या संस्थेच्या हवाई रुग्णवाहिका म्हणून नवीकोरी एडब्ल्यू139 हेलिकॉप्टरं सेवेत आली, तेव्हा त्यांतलं स्ट्रेचर उंच बैठकीवर बसवलेलं होतं. रुग्ण त्यावर आडवा झाला की त्याची छाती आणि केबिनचं छत यांच्यात उरणारं अंतर काही प्रसंगी सीपीआर द्यायला पुरत नसे. श्वास लागलेल्या रुग्णाचं डोकं उंच करून ठेवायचीही पंचाईत. पॅरामेडिकनी तक्रारी केल्या, आणि शेवटी आतली मांडणी बदलावी लागली.

हेलिकॉप्टर उत्तम होतं. ते घेण्यासाठी पैसा उभा करणाऱ्यांनीही बुद्धी कमी वापरली नव्हती. पण ज्या कामासाठी ते घेतलं, ते काम त्यात बसून करता येतं का, हे कोणीतरी वेळेवर विचारायला हवं होतं. अनुदान घेणाऱ्या संस्थांचे हिशेब बघणं हे माझं रोजचं काम असल्यामुळे हे प्रकरण मी बरीच वर्षं जवळ ठेवलंय. यात चोरी किती होती आणि हुशारी किती, यापेक्षा मला खिळवून ठेवतो तो हिशेबाचा प्रवास. सरकारी पैसा दाराबाहेर पडतो, एका संस्थेत जातो, तिथून दुसरीत, तिथून तिसरीत. हिशेब मात्र पहिल्या संस्थेच्या दारातच बसून राहतो.

आधी भूगोल. ऑन्टारियो म्हणजे साधारण साडेतीन महाराष्ट्र. 2011 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती जवळपास 1 कोटी 28 लाख, म्हणजे मुंबई शहरापेक्षा थोडीशीच जास्त, आणि तीही बहुतेक दक्षिणेच्या पट्ट्यात दाटलेली. आपले पुण्या-नाशिकचे जे लोक मिसिसॉगा, ब्रॅम्प्टनला स्थायिक झालेत, ते याच पट्ट्यात राहतात. उत्तरेला जेम्स उपसागराच्या काठी मूसोनीसारखी गावं आहेत, जिथे बाहेरून येणारा रस्ताच नाही. रेल्वे आहे, बोट आहे, विमान आहे. त्याच्याही वर अटावापिस्काट, जिथे गाडीने जायचं तर हिवाळ्यात सगळं गोठल्यावर तयार होणाऱ्या बर्फाच्या रस्त्यावरून. भामरागडला पर्लकोटेच्या पुराने जग तुटतं ते पावसाळ्यातले काही दिवस. तिथे तुटलेपण हीच रोजची स्थिती. अशा गावात बाळंतीण अडली किंवा कोणाला झटका आला, तर आकाशातून येणारं वाहन ही चैन नसते.

म्हणून 1977 मध्ये प्रांताने टोरोंटोत एका हेलिकॉप्टरवर ही सेवा सुरू केली. पुढे ती वाढली. वेगवेगळ्या खासगी विमान कंपन्या उड्डाणं करायच्या, डॉक्टरांचं मार्गदर्शन एका रुग्णालयाकडून, समन्वय तिसरीकडून. कोण कोणाला जबाबदार, याचा गोंधळ व्हायचा. त्यावर उपाय म्हणून 2005 मध्ये सगळं एका छत्राखाली आणायचं ठरलं. ना-नफा तत्त्वावरची नवी संस्था उभी राहिली. तिच्या प्रमुखपदी आले डॉ. ख्रिस माझा, आपत्कालीन वैद्यकातले डॉक्टर आणि या कल्पनेमागची मुख्य प्रेरणा. 2006 मध्ये संस्थेचं नाव झालं ऑर्न्ज. विमानांच्या नारिंगी रंगावरून, इंग्रजी शब्दातलं एक अक्षर गाळून. कुठल्याही लांबलचक नावाचं हे लघुरूप नाही. सार्वजनिक सेवेला ब्रँडचं नाव मिळालं की माझे कान जरा टवकारतात, पण तो माझा व्यावसायिक दोष समजा.

कल्पना चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. विखुरलेली सेवा एकत्र आणायला एक जबाबदार संस्था हवीच होती. गोम होती ती सरकार आणि संस्थेत झालेल्या कार्यपूर्ती करारात. पैसे ऑर्न्जला द्यायचे आणि सेवा ऑर्न्जने द्यायची, हे त्यात आलं. पण ऑर्न्जने उद्या आणखी कंपन्या काढल्या, तर त्यांच्या वह्या उघडून बघायचा हक्क आरोग्य मंत्रालयाला त्या कराराने दिला नव्हता.

आणि कंपन्या निघाल्या. काही ना-नफा, काही चक्क नफ्यासाठी, काहींची मालकी ऑर्न्जचे वरिष्ठ अधिकारी आणि संचालक यांच्याशी जोडलेली. घोषित हेतू असा की इथे कमावलेलं कौशल्य जगभर विकायचं आणि त्यातून येणारा पैसा पुन्हा ऑन्टारियोच्या रुग्णांसाठी आणायचा. कागदावर हे छानच दिसतं. आपल्याकडेही एखादी शिक्षणसंस्था बाजूला कन्सल्टन्सी कंपनी काढते तेव्हा ठरावात हेच वाक्य असतं, फक्त रुग्णांच्या जागी विद्यार्थी.

प्रांताचे महालेखापरीक्षक जिम मॅकार्टर यांचा विशेष अहवाल 21 मार्च 2012 रोजी विधिमंडळापुढे आला. त्यातले आकडे क्रमाने वाचण्यासारखे आहेत. पाच वर्षांत ऑर्न्जला मिळालेला सरकारी पैसा 73 कोटी डॉलर. त्याखेरीज संस्थेने उभं केलेलं कर्ज जवळपास 30 कोटी. या कर्जातून 12 एडब्ल्यू139 हेलिकॉप्टरं, 10 पिलाटस पीसी-12 विमानं आणि मुख्यालयाची इमारत आली. कर्ज संस्थेच्या नावावर, पण ते फेडायला येणारा पैसा शेवटी सरकारच्याच अनुदानातून. म्हणजे विधिमंडळात चर्चा न होता सरकारवर बोजा चढला, आणि सरकारच्या ताळेबंदावर त्याचं नाव ठळकपणे कुठे आलं नाही.

इमारतीचा व्यवहार मला एखाद्या धड्यासारखा वाटतो. मिसिसॉगातली ही इमारत सुमारे 1.5 कोटी डॉलरला घेतली. मग ती ऑर्न्जशीच संबंधित दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि ऑर्न्ज तिथे भाडेकरू झाली. लेखापरीक्षकांनी स्वतंत्र मूल्यांकक नेमला. त्याच्या मते हे भाडं बाजारभावापेक्षा 40 टक्के जास्त होतं, आणि 25 वर्षांच्या करारातल्या पहिल्या पाचच वर्षांत ऑर्न्ज 20 लाख डॉलर जादा भरणार होती. स्वतःच्याच घरात राहायला स्वतःच जास्त भाडं कोण कशाला देईल? कारण बँक आणि गुंतवणूकदार इमारतीची किंमत तिच्या भाड्यावरून ठरवतात. भाडं फुगलं की तारण फुगतं. 1.5 कोटींच्या इमारतीवर 2.4 कोटींचं अर्थसाहाय्य उभं राहिलं आणि वरचे 90 लाख बाजूच्या उद्योगाला वापरायला मिळाले. यातलं प्रत्येक व्हाउचर वेगळं काढलं तर बिनचूक निघेल. भाडेकरार आहे, सह्या आहेत, ठराव आहे. भाड्याची रक्कम अनुदानातून ‘कार्यालयीन भाडे’ या शीर्षाखाली जाते आणि त्या शीर्षाखाली भाडंच खर्च होतं. आपल्याकडचं उपयोगिता प्रमाणपत्रसुद्धा अशा खर्चावर निमूट सही करून मोकळं झालं असतं. ‘ज्या प्रयोजनासाठी अनुदान मंजूर झाले त्याच प्रयोजनासाठी ते खर्च झाले’ हे वाक्य इथे अक्षरशः खरं आहे!

दुसरा व्यवहार हेलिकॉप्टर बनवणाऱ्या अगुस्तावेस्टलँडशी संबंधित. हे नाव मराठी वाचकाला व्हीआयपी हेलिकॉप्टरांच्या प्रकरणामुळे ओळखीचं आहे. तिथेही 12 हेलिकॉप्टरं होती, पण तो करार वेगळा आणि मॉडेलही वेगळं. दोन्हींची सरमिसळ करू नये. ऑन्टारियोत मुद्दा असा की ऑर्न्जने या कंपनीकडून हेलिकॉप्टरं घेतली आणि त्याच कंपनीने ऑर्न्जच्या नफा कमावणाऱ्या शाखेशी ‘मार्केटिंग सेवा’ म्हणून 67 लाख डॉलरपर्यंतचा करार केला. खरेदी सरकारी पैशावर आणि विक्रेत्याकडून उलट येणारी रक्कम खासगी खिशात, असं चित्र दिसल्यावर प्रश्न उठणारच. फेब्रुवारी 2012 मध्ये प्रांतिक पोलिसांनी ऑर्न्जच्या आर्थिक व्यवहारांची चौकशी हाती घेतली. पुढे नव्या व्यवस्थापनाने 12 पैकी दोन हेलिकॉप्टरं जादा म्हणून विकायला काढली, ही गोष्ट मला त्या कराराइतकीच बोलकी वाटते.

आता पगाराची गोष्ट, कारण सामान्य माणसाला खरी चीड तिथेच आली. ऑन्टारियोत 1996 चा एक कायदा आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत वर्षाला 1 लाख डॉलर किंवा त्याहून जास्त पगार घेणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पद आणि रक्कम दरवर्षी मार्चअखेर जाहीर होते. लोक तिला ‘सनशाइन लिस्ट’ म्हणतात. शेजारी कोण किती कमावतो हे बघायला त्या दिवशी वर्तमानपत्रांच्या वेबसाइटवर झुंबड उडते. डॉ. माझा यांचं नाव 2007 सालच्या यादीत होतं, सुमारे 2 लाख 98 हजार डॉलर. पुढच्या वर्षापासून नाव नाही. माणूस त्याच खुर्चीत, पगार वाढलेला, पण तो देणारी कंपनी बदललेली. यादीचा कायदा ऑर्न्जला लागू होता, ऑर्न्जच्या नफेखोर भावंडाला तो लागू नाही असा अर्थ काढला गेला. डिसेंबर 2011 मध्ये टोरोंटो स्टारच्या बातम्यांनी दबाव वाढला तेव्हा आकडा बाहेर आला: वर्षाला 14 लाख डॉलर. शिवाय संस्थांकडून मिळालेली जवळपास 12 लाखांची कर्जं आणि उचली. त्याच महिन्यात ते वैद्यकीय रजेवर गेले, जानेवारीत संचालक मंडळ पायउतार झालं, फेब्रुवारीत त्यांना काढून टाकण्यात आलं.

मला पगाराच्या आकड्यापेक्षा ते रिकामं नाव जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या यादीत कोण आहे हे सगळे बघत होते. गेल्या वर्षी होता आणि यंदा नाही, असा कोण, हे बघणं मंत्रालयातल्या एखाद्या कारकुनालाही जमलं असतं. मागच्या वर्षीची यादी काढायची आणि पट्टी ठेवून नावं जुळवायची, अर्ध्या दिवसाचं काम. लेखापरीक्षणात हे आम्ही रोज करतो; गेल्या वर्षी असलेलं खातं यंदा गायब झालं की आधी ते शोधायचं. तिथे हे झालं नाही, कारण अहवाल येतो तो फायलीला लावण्यासाठी, अशी सवय जगभरच्या सरकारी कचेऱ्यांना आहे.

आणि मंत्रालयाला अगदीच अंधारात ठेवलं होतं असंही नाही. जानेवारी 2011 मध्ये ऑर्न्जच्या वकिलांनी सरकारला सविस्तर पत्र पाठवून या कंपन्यांच्या रचनेची माहिती दिली होती. कागद आला होता. वाचणाऱ्याने तो धोक्याची घंटा म्हणून वाचला नाही, एवढंच. नंतर आरोग्यमंत्री डेब मॅथ्यूज यांनी आपली बाजू मांडताना जुना करार कमकुवत असल्याचं सांगितलं. विरोधकांचं म्हणणं असं की करारात जेवढे अधिकार होते तेवढे तरी वापरायचे होते. माझा कल विरोधकांच्या बाजूला झुकतो. पैशाचे हप्ते मंत्रालयच सोडत होतं. हप्ता रोखून ‘आधी त्या कंपन्यांचे हिशेब दाखवा’ म्हणायला कुठलं कलम लागतं?

लेखापरीक्षकांचा अनुभव तर याहून बोलका. प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी मागूनही बाजूच्या बऱ्याच कंपन्यांच्या नोंदी त्यांना बघू दिल्या नाहीत. आपल्याकडे या प्रश्नाचा एक जुना वाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दूरसंचार कंपन्यांच्या बाबतीत कॅगला हिशेब बघू दिले, कारण त्यांच्या महसुलातला वाटा सरकारी तिजोरीत येतो. पण दिल्लीच्या वीज वितरण कंपन्यांचं कॅगकडून ऑडिट करायचा दिल्ली सरकारचा आदेश तिथल्या उच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केला. माहिती अधिकारातही बिगरसरकारी संस्था ‘भरीव अर्थसाहाय्य’ घेत असेल तरच कक्षेत येते, आणि भरीव म्हणजे किती हे प्रत्येक वेळी भांडून ठरवावं लागतं. ऑर्न्जसारखी संस्था इथे निघाली तर मूळ संस्था बहुधा कक्षेत येईल. तिच्या पोटातल्या तिसऱ्या कंपनीचं सांगता येत नाही.

आता सेवा. पैशांच्या गदारोळात हा भाग मागे पडतो, खरं तर इथूनच सुरुवात व्हायला हवी होती. 2006-07 ते 2010-11 या काळात हवाई सेवेचं अनुदान 20 टक्क्यांहून जास्त वाढलं आणि हवेतून नेलेल्या रुग्णांची संख्या 6 टक्क्यांनी घटली. एका रुग्णालयातून दुसऱ्यात जमिनीवरून रुग्ण नेण्याचंही काम ऑर्न्जकडे दिलं होतं. त्यासाठी 6.5 कोटी डॉलर मिळाले आणि वर्षाला 20 हजार फेऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात झाल्या त्यातल्या सुमारे 15 टक्के. पैसा अंदाजावर दिला आणि प्रत्यक्ष कामाशी तो परत जुळवला नाही. टँकरच्या फेऱ्या न मोजता बिल काढण्यासारखंच हे. आपल्या जिल्हा परिषदेत निदान जीपीएसच्या नोंदी तरी मागतात, हे म्हणताना मला थोडी मजा वाटते.

सेवेच्या दर्जाबद्दल तर मंत्रालयाकडे फारच तुटपुंजी माहिती येत होती. हाक आल्यापासून चाक उचलेपर्यंत किती वेळ गेला, किती वेळा पॅरामेडिकच हजर नव्हता म्हणून विमान उभं राहिलं, किती हाका नाकारल्या, हे नियमित आणि तपासलेल्या स्वरूपात मंत्र्यांच्या टेबलावर यायला हवं होतं. प्रांताच्या मुख्य मृत्युतपास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने नंतर तज्ज्ञांचं मंडळ बसवून 2006 ते 2012 मधले 40 मृत्यू तपासले. जुलै 2013 मध्ये मंडळाने सांगितलं की त्यातल्या 8 प्रकरणांत हवाई रुग्णवाहिकेच्या कामातल्या अडचणींचा रुग्णावर कमीअधिक परिणाम झाला असावा. चाळिसात आठ. हा आकडा 14 लाखांच्या पगारासारखा मथळ्यात चमकला नाही.

या मंडळाचं काम चालू असतानाच सगळ्यात वाईट रात्र येऊन गेली होती. 31 मे 2013, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. अटावापिस्काटहून रुग्ण आणायला ऑर्न्जचं सिकोर्स्की एस-76ए हेलिकॉप्टर मूसोनीच्या धावपट्टीवरून उठलं. नवं एडब्ल्यू139 नव्हे, जुन्या कंत्राटदाराकडून आलेलं यंत्र. धावपट्टीचे दिवे मागे पडले की पुढे दलदल आणि रान. खाली एक दिवा नाही, क्षितिज नाही. वळण घेताना हेलिकॉप्टर जास्त कललं, उंची गेली आणि ते जमिनीवर आदळलं. दोन पायलट आणि दोन पॅरामेडिक, चौघेही गेले. ठावठिकाणा कळवणाऱ्या यंत्राचा अँटेना धडकेत तुटल्यामुळे संकेतही नीट गेला नाही.

कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल 2016 च्या जूनमध्ये आला, 14 शिफारशींसह. अपघात दोन वैमानिकांच्या माथी मारून मंडळ थांबलं नाही. रात्रीच्या अशा उड्डाणांसाठी पुरेसं प्रशिक्षण आणि मार्गदर्शन त्यांना मिळालं नव्हतं. कंपनीच्या कामकाजातल्या उणिवा केंद्र सरकारच्या विमान वाहतूक निरीक्षकांना आधीच दिसल्या होत्या, पण त्यांनी दुरुस्तीसाठी मुदत देण्यापलीकडे ठोस काही केलं नाही. इथेही तेच: निरीक्षणाची नोंद होती, नोंदीवर कृती नव्हती. अहवालाच्या शीर्षकात हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपनीचं नाव दिलंय ते ऑर्न्ज नाही. ते आहे ‘7506406 कॅनडा इंक.’ कायद्याच्या कागदावर त्या चौघांना घेऊन उडणारी संस्था म्हणजे सात आकडी क्रमांक. कॅनडात असं क्रमांकाचं नाव घेणं पूर्ण कायदेशीर आहे, बेकायदा काही नाही. तरी मी ते शीर्षक पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

कामगार सुरक्षेच्या कायद्याखाली खटला झाला. मुख्य आरोप असा की रात्री अंधारात बाहेरचं दिसेल अशी साधनं, म्हणजे नाइट व्हिजन गॉगल, पायलटांना दिली नव्हती. नोव्हेंबर 2017 मध्ये न्यायालयाने कंपनीला निर्दोष ठरवलं.

मधल्या काळात सुधारणा झाल्या, पण कायद्याची गाडी रडतखडत चालली. मार्च 2012 मध्येच करार बदलला आणि मंत्रालयाला जास्त अधिकार मिळाले. महालेखापरीक्षकांचा अहवाल आला त्याच दिवशी हे अधिकार कायद्यात आणणारं विधेयकही आलं. ते त्या वर्षी अधिवेशन संस्थगित झाल्यामुळे बाद झालं. पुन्हा आणलं, ते 2014 च्या निवडणुकीत गेलं. तिसऱ्या वेळी मोठ्या विधेयकाचा एक भाग म्हणून डिसेंबर 2014 मध्ये मंजूर झालं. आता सरकार विशेष तपासनीस नेमू शकतं, गरज पडली तर प्रशासक बसवू शकतं, आणि आतली चूक बाहेर सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण आहे. यातला शेवटचा मुद्दा माझ्या मते सगळ्यात मोलाचा. छतापर्यंत किती जागा उरते हे पहिल्यांदा कळलं ते गुडघ्यावर बसलेल्या पॅरामेडिकला, कोणा लेखापरीक्षकाला नाही.

हे सगळं आपल्याला का बघावंसं वाटावं, तर महाराष्ट्राची 108 सेवा 2014 पासून याच साच्यात चालते: पैसा सरकारचा, गाड्या आणि माणसं कंत्राटदाराची. मध्य प्रदेशाने 2024 पासून हवाई रुग्णवाहिका सरकारी खर्चाने सुरू केली आहे. ऋषिकेशच्या एम्सची हेलिकॉप्टर सेवा त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झाली आणि मे 2025 मध्ये तिचं हेलिकॉप्टर केदारनाथला उतरताना शेपटी मोडून बसलं, सुदैवाने आतले सगळे वाचले. महाराष्ट्रातही कधीतरी अशी निविदा निघेल. तेव्हा करार हाती आला तर मी दरपत्रक नंतर बघेन. आधी ‘व्याख्या’ हे प्रकरण उघडेन आणि ‘सेवा पुरवठादार’ या शब्दात त्याच्या उपकंपन्या, संचालकांच्या कंपन्या आणि जागा भाड्याने देणारा मालक येतात की नाहीत, ते बघेन. मग जोडपत्रात जाईन, जिथे दरमहा कोणते आकडे कळवायचे याचा तक्ता असतो. त्यात फेऱ्या असतीलच. नाकारलेल्या हाकांचा रकाना आहे का, आणि उशिराचं कारण लिहायला जागा ठेवलीय का, हे मी पेन्सिलने तपासेन.